पहिल्या क्लॅरिनेटची खुर्ची

शर्मिला खैरनारला भांडता येत नाही, असं तिच्या सासरचे लोक पंचवीस वर्षं समजत आले. समजू देत बिचारे. ती बँडवाल्याची मुलगी. फुंक कधी मारायची आणि दम कधी राखून ठेवायचा, हे तिला पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधीपासून कळत होतं.

तिचे वडील काशिनाथ सोनवणे नाशिकच्या एका ब्रास बँडचे मास्तर होते. लग्नसराईत सोनेरी झालरीचा लाल कोट, एरवी बनियन आणि लेंगा. क्लॅरिनेट मात्र बारा महिने हातात. हा बाप कागदावर एक सूर लिहू शकत नव्हता, पण सकाळी रेडिओवर ऐकलेलं गाणं संध्याकाळच्या वरातीत वीस माणसांकडून वाजवून घ्यायचा. त्यांच्या दोन पोरांना वाद्यात गोडी नव्हती, मुलीला होती. शेजारीपाजारी म्हणाले, पोरीच्या जातीला हे शोभतं का? मास्तर म्हणाले, "शोभतं की नाही ते तिच्या ओठांना विचारा." आणि त्यांनी तिला शिकवलं.

पुढे शर्मिला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि कुवेतला नोकरी करणाऱ्या देवेंद्र खैरनारशी तिचं लग्न ठरलं. सामानात वडिलांनी दिलेली क्लॅरिनेटची काळी पेटी बघून सासूबाई म्हणाल्या, "तंबोरा असता तर गोष्ट वेगळी. हे वरातीतलं वाजंत्री आमच्या घरात नको." शर्मिला मूग गिळून बसली. पण पेटी काही माहेरी परत गेली नाही. साड्यांच्या खाली दडून विमानात चढली.

कुवेतला पहिली सहा वर्षं अब्बासिया नावाच्या वस्तीत काढली. एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं, पातळ भिंती, खाली मलबारी माणसाचा बकाला, म्हणजे किराणा दुकान. ती दुपारी न्हाणीघराच्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबून वाजवायची. बकालावाला एकदा दूध देताना म्हणाला, "मॅडम, आज नहीं बजाया?" एवढं टॉवेल कोंबून काय उपयोग झाला मग! पण त्या प्रश्नावर ती आठवडाभर खूश होती. कुवेतमध्ये आपल्याला एक श्रोता आहे, हे तिला तेव्हा कळलं.

मराठी मंडळातही तिने एकदा विचारून पाहिलं होतं. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळतील का? कार्यकारिणीतल्या एका सद्गृहस्थांनी गोड हसून सांगितलं, "क्लॅरिनेट ना? मिरवणुकीला ठेवू या." कुवेतमध्ये मिरवणूक निघत नाही, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि ऐकणारीलाही.

मग घर कुवेतमधल्याच फिंतासला आलं, शर्मिलाला एका पेट्रोकेमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, मुलगा क्षितिज शिकायला टोरोंटोला गेला. आठ वर्षांपूर्वी एका सुपरमार्केटच्या फलकावर तिने चिठ्ठी वाचली: हौशी सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी वादक हवेत, दर शनिवारी चार वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. खाली सही होती नोरीन टियरनी.

नोरीन आयर्लंडची. साठीच्या घरातली, चष्मा कायम डोक्यावर आणि कायम शोधत असलेली. कुवेतमध्ये ती शाळेत संगीत शिकवायची. त्याआधी बावीस वर्षं डब्लिनमध्ये देशाच्या राष्ट्रीय सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवत होती. तिने पहिल्या दिवशी शर्मिलासमोर स्वरलिपीचा कागद ठेवला. शर्मिलाने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि सरळ सांगितलं, "मला हे वाचता येत नाही." नोरीनने व्हायोलावर एक ओळ वाजवली. शर्मिलाने ती जशीच्या तशी परत वाजवली. दुसरी ओळ. तीही. तिसरी तर मुद्दाम वाकडी होती, तीसुद्धा आली. नोरीन म्हणाली, "डोळ्यांना मी शिकवीन. कान मला शिकवता आले नसते." सहा महिन्यांत शर्मिला वाचायला शिकली, आणि दोन वर्षांनी पहिला क्लॅरिनेटवाला, एक लेबनानी दंतवैद्य, देश सोडून गेला तेव्हा त्याची खुर्ची तिला मिळाली.

चाळीस माणसांचा हा ऑर्केस्ट्रा म्हणजे कुवेतच होतं. फिलिपिनो नर्सेस, इजिप्तचे शिक्षक, दोन कुवेती डॉक्टर, एक आर्मेनियन सोनार, आणि ओबो या फुंकवाद्यावर मुंबईच्या शहरबानूबाई दस्तूर, बँकेत नोकरी आणि तोंड तलवारीसारखं. मधल्या सुट्टीत नोरीन कडक दुधाचा चहा करायची. चहाच्या बाबतीत आयरिश आणि मराठी माणसाचं एकमत आहे, हे शर्मिलाने तिथे पाहिलं. आणि चहाबरोबर नोरीनच्या गोष्टी असायच्या.

त्या गोष्टी शर्मिलाला पाठ झाल्या होत्या. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली आयर्लंडच्या सरकारी रेडिओने मोठा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तेव्हा देश गरीब होता. तरणीताठी पोरं बोटीने इंग्लंडला जात होती. असल्या देशाला ही थेरं कशाला, आधी पोटोबा मग विठोबा, असं म्हणणारे तिथेही होतेच. आमची फिडल आहे, आमची बासरी आहे, हे परक्यांचं संगीत हवं कशाला, असंही म्हणणारे होते. आणि वादक तरी कुठे होते पुरेसे? ते युरोपातून आणावे लागले. महायुद्धात होरपळलेल्या देशांतून माणसं वाद्यं घेऊन आली आणि आयर्लंडच्या ऑर्केस्ट्रात बसली. ऑर्केस्ट्रा राष्ट्रीय आणि कितीतरी वादक परदेशी, यावरही पुष्कळ नाकं मुरडली गेली.

"पण ऐक," नोरीन म्हणायची, "माझी आई खेड्यात राहायची. गावात पियानोसुद्धा नव्हता. भाकरी भाजताना तिने रेडिओवर अख्खी सिम्फनी ऐकली. आमच्याच देशातल्या संगीतकारांनी लिहिलेलं कागदावर पडून राहिलं असतं, ते या लोकांनी वाजवलं. ते शाळाशाळांत गेले, मुलांना शिकवलं. मला व्हायोला शिकवणारे सर जर्मन होते. शेवटपर्यंत त्यांचे उच्चार सुधारले नाहीत, पण माझ्या पिढीतले निम्मे व्हायोलावाले त्यांच्या हाताखालून गेले." मग मधे कपातीची बोलणी कशी झाली, एवढ्याशा देशाला एवढा मोठा ऑर्केस्ट्रा परवडतो का अशी चर्चा कशी रंगली, लोक कसे चिडले, आणि शेवटी दोन हजार बावीसमध्ये ऑर्केस्ट्रा रेडिओकडून राष्ट्रीय संगीत सभागृहाकडे कसा गेला, हे सांगताना नोरीनचा चहा गार व्हायचा.

यंदा मार्चच्या सतरा तारखेला, आयरिश लोकांच्या सणाच्या दिवशी, तिथल्या आयरिश मंडळींनी मोठी संध्याकाळ ठरवली. भाड्याचं सभागृह, सहाशे खुर्च्या, आणि पहिल्यांदाच नोरीनच्या अख्ख्या ऑर्केस्ट्राला आमंत्रण. नोरीनने त्यासाठी एक जुनी संथ आयरिश धून ऑर्केस्ट्रासाठी बांधली. सुरुवातीला सगळा ऑर्केस्ट्रा गप्प, आणि एकटी क्लॅरिनेट. पूर्ण सोळा मापं, कागदावर उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे सोळा तुकडे. आणि क्लॅरिनेट पहिल्या खुर्चीची, म्हणजे शर्मिलाची. नोव्हेंबरपासून ती त्यावर मेहनत करत होती. मधेच वाद्याची एक कळ तुटली, तर अम्गराच्या भंगारगल्लीत लेथवाल्या महादेवकडून तिची पिन घडवून आणली. त्या माणसाने आयुष्यात क्लॅरिनेट पाहिली नव्हती. ट्रकच्या पंपाची पिन करतो तशी केली, आणि ती मूळच्यापेक्षा घट्ट बसली.

जानेवारीत डेक्लन आला. तेलविहिरींच्या कामावरचा आयरिश इंजिनियर, तिशीतला, क्लॅरिनेट उत्तम वाजवायचा आणि स्वभावाने गरीब. दुसरी क्लॅरिनेट हवीच होती, शर्मिलाला आनंद झाला. पण ती संध्याकाळ ठरवणाऱ्या आयरिश समितीचे अध्यक्ष केव्हिन ब्रॉफी यांनाही आनंद झाला, आणि तिथेच माशी शिंकली.

शनिवारी सुट्टीत नोरीनने चहाचा कप शर्मिलाच्या हातात दिला आणि स्वतःचा हातात घेतलाच नाही. "केव्हिनचं म्हणणं आहे की सुरुवात डेक्लनने करावी. आयरिश सण, आयरिश धून, तर सूरही..."

"आयरिश तोंडातून यावा," शर्मिलाने वाक्य पुरं केलं.

"मी नाही म्हटलं. खूप वाद झाला. शेवटी मी म्हटलं, ट्रायल घेऊ, पडद्यामागून. आमच्याकडे मोठ्या ऑर्केस्ट्रांत तशीच घेतात. कोण वाजवतंय ते दिसत नाही, फक्त सूर ऐकायचा. समितीचे तिघं ऐकतील आणि चिठ्ठीवर नंबर लिहितील. शर्मिला, यापेक्षा न्याय्य काही मला सुचलं नाही."

"तुझे जर्मन सर आले तेव्हा त्यांना कोणी विचारलं होतं का, तुमचं तोंड कुठलं म्हणून?"

नोरीनचा चेहरा लाल झाला. "विचारलं होतं," ती म्हणाली. "रोज विचारत होते."

शर्मिलाने चहा संपवला आणि ट्रायलला होकार दिला.

घरी देवेंद्र टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "अगं, सोड ना. आठ वर्षं वाजवलंस, हौस फिटली. त्यांचा देश, त्यांची धून. उगाच आपण कशाला मधे?"

"अहो, आणि तुम्ही सव्वीस वर्षं इथे तेल काढताय ते कोणाचं?"

"त्याचा पगार मिळतो मला."

"मला तोही मिळत नाही. म्हणजे माझा हक्क जास्त."

अभियंत्याला न सुटणारं गणित घातलं की तो जेवायला बसतो, तसा देवेंद्र बसला. रात्री क्षितिजचा फोन आला. तो म्हणाला, "मॉम, रिलॅक्स. इट्स जस्ट अ हॉबी." तेवढं एक वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. हौस म्हणे! न्हाणीघराच्या दारात टॉवेल कोंबणारी आई त्या पोराने पाळण्यातून पाहिली होती. तिने फोन ठेवला आणि खिडक्या सताड उघडून अकरा वाजेपर्यंत वाजवलं. वरच्या मजल्यावरून कोणी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. कोणाशी तरी भांडायचंच होतं.

ट्रायलचा शनिवार उजाडला. तालमीच्या दीड तास आधी, अडीच वाजता, शाळेच्या हॉलमध्ये नाटकाचे दोन फळे उभे करून त्यांवर काळं कापड टाकलं होतं. पावलांच्या आवाजावरून माणूस कळू नये म्हणून बूट-चपला बाहेर काढायच्या, असा नोरीनचा नियम. पलीकडे खुर्च्यांवर ब्रॉफी आणि समितीचे दोघे. सोडत काढली, एक नंबर डेक्लनला, दोन नंबर शर्मिलाला.

ती बाहेर भिंतीला टेकून ऐकत होती. डेक्लन छान वाजवून गेला. खोटं कशाला बोला, वरच्या सुरांत तो तिच्यापेक्षा स्वच्छ होता. पण शेवटच्या चार मापांत, धून जिथे हुंदका गिळल्यासारखी वळते, तिथून तो सरळ रस्त्याने निघून गेला. तिथे थांबायला हवं होतं. आपण तिथे थांबतो, हे तिला माहीत होतं. तिचे तळवे कोरडे होते, छाती शांत होती. ही खुर्ची आपलीच राहणार, असं तिला त्या क्षणी पक्कं वाटलं.

ती अनवाणी पडद्यामागे गेली. क्लॅरिनेटच्या तोंडाची रीड ओली केली, डोळे मिटले आणि फुंक मारली.

सोनवणे मास्तरांच्या बँडमध्ये एक रीत होती. सुपारी कोणाचीही असो, पहिली फुंक गणपतीची. चार सुरांचं एवढंसं नमन, एक वळण, की मग गाणं. शर्मिला घरी रोज तशीच सुरुवात करायची. हॉलमध्ये ऑर्केस्ट्रासमोर उभ्या नोरीनच्या हातातली काठी उठली की सुरुवात व्हायची, म्हणून आठ वर्षांत ते नमन इथे कधी निघालं नव्हतं. आज समोर काठी नव्हती, माणसं नव्हती, नुसतं काळं कापड होतं. बोटांनी सवयीने नमन वाजवलं. चार सूर, आणि असं लाडिक वळण, की ते आयर्लंडच्या कुठल्याही परगण्यात वाजत नसेल. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

"थांबा," पलीकडून ब्रॉफीचा आवाज आला. "हे कागदावर नाही. आणि दोन नंबर कोण, हे आता आम्हा सगळ्यांना कळलं. ट्रायल बाद. नोरीन, तुझा नियम तूच केला होतास. मला वाटतं, प्रश्न मिटला. डेक्लन वाजवेल."

धुनीचा एक सूरही वाजला नव्हता.

पडद्यामागे शर्मिला उभी राहिली. क्षणभर तिला खरंच लाज वाटली. मग एकदम तिला त्या कापडाचा वास आला, जुन्या नाटकातल्या धुळीचा, आणि आपण इथे काय करतोय, असं तिचं तिलाच वाटलं. सहा वर्षं ती त्या खुर्चीवर बसत होती. गेल्या तीन मैफलींना ब्रॉफी समोर बसून टाळ्या वाजवून गेला होता. तिचा सूर त्याला ठाऊक नव्हता? नमन न वाजवताही त्याने तो ओळखला असता. मग हे कापड कोणासाठी?

तिने ते कापड हातात धरलं आणि ओढलं. फळ्यासकट आलं. धाडकन आवाज झाला, नोरीनने चष्मा डोक्यावरून नाकावर आणला.

"चूक माझी झाली," शर्मिला म्हणाली. तिचं इंग्रजी एरवी जपून चालायचं, आज ते धावत होतं. "कागदावर नव्हतं ते वाजवलं. त्याबद्दल माफ करा. पण मिस्टर ब्रॉफी, हा पडदा माझ्यासाठी नव्हताच. तो तुमच्यासाठी होता. माझ्या तोंडाकडे बघून नको म्हणायची तुम्हाला लाज वाटली असती. आता मी समोर उभी आहे. म्हणा."

ब्रॉफी वाईट माणूस नव्हता. सहसा अशी कामं वाईट माणसं करतच नाहीत. त्याने टाय सैल केला, घसा साफ केला. "मिसेस खैरनार, तुम्ही फार छान वाजवता. पण ती आमच्या लोकांची संध्याकाळ आहे. वर्षातून एक दिवस. त्या दिवशी ही धून आमच्या माणसाकडून ऐकावीशी वाटते. यात गैर काय?"

"काही नाही. असं वाटू शकतं. आम्हालाही वाटतं," ती म्हणाली. "मला माझ्या मंडळाने सांगितलं, हे वाद्य आमचं नाही. तुम्ही सांगताय, ही धून तुझी नाही. मग आठ वर्षं मी इथे काय वाजवत होते? भुताचं? तुमच्या देशाचा ऑर्केस्ट्रा जर्मन, इटालियन, कोण कोण आले, त्यांनी उभा केला. ते म्हणाले असते, आयरिश धून आयरिश लोकांनी वाजवावी, आम्ही आपलं आपलं वाजवतो, तर नोरीनच्या आईने भाकऱ्या भाजताना काय ऐकलं असतं? तव्याचा आवाज?"

समितीतला एक जण हसू दाबत होता.

"तुम्ही नको म्हणालात, मी ऐकलं," शर्मिला म्हणाली. "पण मी उठणार नाही."

आणि ती जाऊन बसली. पहिल्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर, अनवाणी, पाय फरशीवर घट्ट. साडेतीन वाजायला आले होते.

ब्रॉफीने नोरीनकडे पाहिलं, नोरीनने घड्याळाकडे पाहिलं. हळूहळू माणसं यायला लागली. आडवा पडलेला फळा, रिकाम्या हॉलमध्ये एकटी बसलेली शर्मिला, हे बघून जो तो कुजबुजला आणि आपापल्या जागी गेला. शहरबानूबाईंनी ओबोची पेटी उघडता उघडता विचारलं, "काय झाला ग? तू अशी बूट काढून देवळात बसल्यासारखी का बसली?"

"उठवतायत मला."

"कोण?" शहरबानूबाईंनी हॉलभर नजर फिरवली, ती ब्रॉफीवर थांबली. "एटला मोठा माणस, नी काम बघ!" त्या शर्मिलाच्या समोर ठाण मांडून बसल्या. डेक्लन सगळ्यात शेवटी आला. त्याला झाला प्रकार बाहेर कळला असावा. कान लाल झाले होते. शर्मिलाच्या शेजारच्या, दुसऱ्या क्लॅरिनेटच्या खुर्चीपाशी येऊन त्याने विचारलं, "इथे कोणी बसलंय का?" ती नाही म्हणाली. तो बसला.

चार वाजता नोरीन समोर आली. ब्रॉफी तिच्या कानाशी बोलला, पण हॉल शाळेचा होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "नोरीन, डेक्लन वाजवेल. आपलं ठरलंय."

आमंत्रण समितीचं होतं, सभागृह समितीचं होतं. ब्रॉफीने मनात आणलं असतं तर सतरा तारखेला ऑर्केस्ट्राच नसता. हे नोरीनला कळत होतं, शर्मिलालाही कळत होतं.

"केव्हिन," नोरीन म्हणाली, "माझी तालीम सुरू झालीय. ऐकायचं असेल तर मागे बस."

शहरबानूबाईंनी सूर दिला. चाळीस वाद्यं त्याला लागली आणि गप्प झाली. नोरीनची काठी उठली, आणि शर्मिलाकडे वळली.

ती वाजवायला लागली. पहिला सूर घाबरतच निघाला. नवव्या मापात वर चढताना दम जरा कमी पडला, कारण अर्धा दम भांडणात गेला होता. पण शेवटच्या चार मापांत ती थांबली, जिथे थांबायचं तिथे, आणि मग ऑर्केस्ट्रा तिच्या मागून आला, व्हायोलिनं आधी, मग सगळा. डेक्लनची क्लॅरिनेट खालच्या सुरात तिच्या सुराला खांदा देत होती. शर्मिलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात अडकल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. वाहू दे म्हटलं.

ब्रॉफी शेवटच्या रांगेत बसून राहिला. तालीम सहाला संपली, तरी तो गेला नव्हता. माणसं पेट्या बंद करत होती तेव्हा तो पुढे आला आणि शर्मिलाच्या स्वरलिपीच्या कागदावर वाकला. शहरबानूबाई बाह्या सावरून तयारच होत्या.

"नवव्या मापात," तो कागदावर बोट ठेवून म्हणाला, "तुमचा वरचा सूर उतरतोय. सहाशे लोकांसमोर कानाला बोचेल."

शर्मिलाने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाने आज पहिल्यांदा तिच्या वाजवण्यात खोट काढली होती. तिच्या पासपोर्टात नव्हे, तोंडात नव्हे, वाजवण्यात.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "उतरतोय." आणि पेन्सिल काढून तिने नवव्या मापावर खूण केली.